नाणेघाटाची वाट : एका प्रवासाची पूर्वतयारी

आमचा एक पुतण्या गेली बारा वर्षे ऑस्ट्रेलियात पर्थ येथे असतो. तिकडील वाळवंटातून जाणारा ‘कॅनिंग स्टॉक रूट’ नावाचा जुना गुरांचा मार्ग त्याने मित्रांसमवेत फोर-व्हील ड्राइव्ह जीपने पार केला. तेव्हापासून, ‘काका, आपल्याकडे असा एखादा प्राचीन मार्ग असेल तर दाखवा’ असा लकडा त्याने आमच्यामागे लावला आहे. येत्या डिसेंबरात तो सहकुटुंब येणार असल्याने, दिवाळी आटोपताच आमच्या नेरूळच्या घरी नकाशे पसरले गेले.

त्याच्या मार्गाची हकीकत आम्ही आवडीने वाचली. हॉल्स क्रीकपासून विलूनापर्यंत अदमासे १,८५० किलोमीटरची ती वाट आल्फ्रेड कॅनिंग याने १९०६ साली पाहणी करून आखली व १९०८ ते १९१० या काळात तिच्यावर पन्नासाच्या वर विहिरी खोदविल्या. गुरांचा कळप जेवढी मजल मारील तेवढ्या अंतरावर पाणी, हे तिचे गणित. परंतु ते पाणी हुडकण्यासाठी तेथील मूळ रहिवाशांना साखळदंडांनी बांधून नेण्यात आले, आणि त्याविषयी १९०८ साली सरकारी चौकशी आयोगही बसला. हा भाग चिरंजीवांच्या छायाचित्रांत अर्थातच नव्हता.

आम्ही त्यास उत्तर धाडले ते नाणेघाटाचे. नेरूळहून महापे, शिळफाट्याने कल्याण गाठले की आपण त्या मार्गाच्या मुखाशीच उभे राहतो. उल्हास नदीच्या खाडीवरील हे बंदर सातवाहनांच्या काळी गजबजलेले होते. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या रहिवाशांची नावे आजही वाचता येतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने आपल्या प्रवासग्रंथात लिहून ठेवले आहे की, या बंदरात पूर्वी व्यापार सुरळीत चाले, परंतु आता तेथे चुकून येणाऱ्या ग्रीक गलबतांना पहाऱ्यात भडोचकडे नेतात. राज्यकर्त्यांच्या भांडणात बंदर कसे बसते, याचा हा जुना दाखला. कल्याणहून मुरबाड, तेथून सह्याद्रीचा पायथा, नाणेघाट चढून जुन्नर, आणि पुढे देशावरून राजधानी पैठण, अशी ही वाट होती.

आता गाडीचा प्रश्न. येथे चिरंजीवांची थोडी निराशा होणे अटळ आहे. खुद्द घाटात जीप काय, बैलगाडीही कधी चढली नसेल. कातळात खोदलेल्या पायऱ्या, दोन कड्यांमधली अरुंद नळी आणि तीव्र चढ. माल जाई तो जनावरांच्या पाठीवरून. चाकांचा रस्ता माळशेज घाटातून वळसा घेतो, आणि तोही आता डांबरी आहे. ‘मग फोर-व्हील ड्राइव्ह कशाला?’ हा गृहिणींचा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो. वरच्या पठारावर गवतातून गाडी फिरविण्याचा बेत चिरंजीवांनी मांडला होता, तो आम्ही तत्काळ हाणून पाडला. दोन हजार वर्षे पावलांनी घासलेल्या जागेवर टायरांचे चर उमटवावयाचे नाहीत.

तेव्हा बेत असा ठरला. पहाटे साडेचारला निघावयाचे. डिझेल मुरबाडला भरावयाचे. वैशाखरे गावाच्या पुढे तरुण मंडळींनी उतरून घाट पायी चढावा. अदमासे तीन तास लागतील. जीप वडील मंडळींना घेऊन माळशेज चढून गणेशखिंडीने जुन्नरकडे वळेल, आणि आपटाळे, चावंड करीत घाटघरावरून घाटमाथ्यास येईल. जकातीची नाणी ज्यात टाकीत असे सांगतात त्या दगडी रांजणापाशी दोन्ही तुकड्यांची गाठ पडावी. घाटात खोदीव टाकी आहेत; पाण्यावाचून वाट चालत नाही हे कॅनिंगच्या आधी आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. तथापि पिण्याचे पाणी घरूनच न्यावयाचे.

एवढे ठरले, आणि आमच्या वडील भगिनी अक्का मध्येच म्हणाल्या, “मी चढून येणार.”

अक्कांचे वय बाहत्तर. वैधव्य येऊन वीस वर्षे झाली. शाळेत संस्कृत शिकविण्यात जन्म गेला. त्यांना पाहावयाचा आहे तो घाटातील लेण्यामधला नागनिका राणीचा ब्राह्मी लेख. कर्नल साइक्सने एकोणिसाव्या शतकात त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांनी त्याचे वाचन केले. प्राकृत भाषेतील या लेखात धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य व लोकपाल यांना वंदन आहे; अश्वमेधादी यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापण यांची मोजदाद आहे. अंकांना दहा, शंभर, हजार यांची निरनिराळी चिन्हे आहेत, शून्य नाही. राजा-राणींच्या मूर्ती नाहीशा झाल्या. नावे तेवढी उरली. अक्कांचे मन गुंतले आहे ते राणीच्या वर्णनात. ती महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी, अशी तेथे कोरली आहे. विद्वानांपैकी बरेच जण त्यावरून ती त्यावेळी विधवा होती असे मानतात. “तिने घरात बसून एवढे यज्ञ कातळावर मांडले, आणि मला जीपमधून उतरवून दाखविणार काय?” असा अक्कांचा सवाल.

आमच्या थोरल्या वहिनींनी गुडघ्यांची आठवण दिली, डॉक्टरांचे नाव काढले. लेणे माथ्यापासून थोडेसेच खाली आहे, तेथवर हात धरून नेऊ, हा आमचा तोडगा. अक्का गप्प राहिल्या. संमती की नापसंती, कळेना.

परवा मात्र सूनबाईंकडून कळले की सायंकाळी सर्व मंडळी दूरदर्शनसंचासमोर बसली की अक्का लिफ्ट टाळून जिन्याने गच्चीकडे निघतात. परवापर्यंत सहाव्या मजल्यापर्यंत गेल्या होत्या. इमारत चौदा मजल्यांची आहे, आणि डिसेंबरास अद्याप पाच आठवडे अवकाश आहे. पर्थला आम्ही अद्याप काही कळविलेले नाही.