नायगावचे दोन कोपरे

सकाळी सात वाजता चहाच्या टपरीवर भांडण कशावरून व्हावं? राजकारण? सोयाबीनचा भाव? छे! नायगावात भांडण होतं ते कॉलेजच्या कबड्डी टीमचा उजवा कोपरा ठेवायचा की काढायचा यावरून. आणि तो कोपरा जर तुमचा सख्खा मामेभाऊ असेल, तर चहा घशाखाली उतरणं कठीणच…

ऑफिसात 'मी नायगावला चाललेय' असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, 'दादरचं की वसईचं?' दोन्ही नाही, बॉस! सातारा जिल्ह्यातलं, सावित्रीबाई फुल्यांचं नायगावही नाही. माझं नायगाव नांदेड जिल्ह्यातलं. कागदोपत्री नायगाव बाजार. नांदेडहून देगलूरच्या एसटीत बसायचं, कृष्णूरची एमआयडीसी मागे टाकायची आणि पन्नासेक किलोमीटरवर उतरायचं. डोळा लागला तर थेट नरसीला जाग येते, हे स्वानुभवाचे बोल.

आता खरं सांगते. इथे धबधबा नाही, किल्ला नाही, 'सनसेट पॉइंट' तर नाहीच. मग जायचं कशाला? माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे : मामाचं गाव. लहानपणीच्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या इथल्या गच्चीवर गेल्या. मग मासकॉम, पुणे, डेडलाइन्स, आणि मामाच्या गावाला जाणं म्हणजे लग्न नाहीतर तेरावं. या वेळी मात्र दिवाळीनंतर चार दिवस मोकळे मिळाले आणि म्हटलं, जाऊन येऊ. लॅपटॉप घेतला होता. उघडला नाही.

टपरीवरची संसद

पहिल्याच सकाळी मामा म्हणाला, 'चल, सुशीला खायला.' (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : सुशीला ही बाई नव्हे, नाश्ता आहे. भिजवलेले मुरमुरे फोडणीत परतायचे, वर शेंगदाण्याचं कूट. पोह्यांना विसराल!) टपरीवर मी एकटीच मुलगी. पाच मिनिटं सगळे जरा अवघडले, मग विसरले. कारण विषयच तसा होता. आदल्या दिवशी कॉलेजची टीम आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतली मॅच दोन गुणांनी हरली होती.

'दोन्ही कोपरे काढा. पहिले उजवा काढा,' बाकड्यावरचे एक काका म्हणाले. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. अजूनही बोलताना घंटी मारल्यासारखा हात वर जातो.

'कामून काढायचं? चढाईवाल्यांनी काय दिवे लावले?' मोबाइल रिपेअरिंगवाल्या पोराने तोंड उघडलं.

'चढाईवाल्यानं अकरा आनले लेका! ह्या दोघांनी चौदा वाटले!'

मामाने माझ्याकडे बघितलं आणि चहात बिस्कीट बुडवलं. उजवा कोपरा म्हणजे त्याचा धाकटा. माझा मामेभाऊ, बीए सेकंड इयर.

कबड्डी तुम्ही टीव्हीवर बघत असाल, तरी कोपरा म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. सात जण बचावाला उभे. दोन टोकांना दोन कोपरारक्षक. समोरचा चढाईपटू आत शिरतो, बोनस रेषेकडे पाय टाकतो आणि त्या एका क्षणात त्याचा घोटा किंवा मांडी धरायची ती कोपऱ्याने. मग बाकीचे तुटून पडेपर्यंत त्याला सुटू द्यायचं नाही. जमलं तर टाळ्या सगळ्यांना. चुकलं तर हा बाद, मदतीला आलेलेही बाद, आणि ती आख्खी बाजू उघडी. आपल्या ऑफिसातल्या सिस्टम अ‍ॅडमिनसारखंच आहे हे. सर्व्हर चालू असेपर्यंत त्याचं नाव कोणाला माहीत नसतं. बंद पडला की सगळ्या मजल्यांना माहीत!

येताना की जाताना?

टपरीवर दोन पार्ट्या आहेत हे मला दुसऱ्या कपापर्यंत कळलं. एक पार्टी प्रो कबड्डीवर वाढलेली. २०१४ ला लीग सुरू झाली तेव्हा ही पोरं तिसरी-चौथीत होती. त्यांचा देव म्हणजे इराणचा मोहम्मदरझा शादलू. डावा कोपरा. पुणेरी पलटणने २०२३ च्या लिलावात त्याच्यावर दोन कोटी पस्तीस लाख रुपये लावले आणि मार्च २०२४ मध्ये पलटण पहिल्यांदा चॅम्पियन झाली. पुढच्या मोसमात तो हरियाणा स्टीलर्सकडे गेला, तर त्या डिसेंबरात कप हरियाणाला!

'कोपरा जिकडं, कप तिकडं!' मोबाइलवाला म्हणाला. त्याचं म्हणणं, कोपऱ्याने वाट बघत बसायचंच नाही. चढाईपटूने पाऊल टाकलं की झडप. त्याला हे लोक 'अ‍ॅडव्हान्स टॅकल' म्हणतात आणि म्हणताना छाती पुढे येते.

दुसरी पार्टी कंडक्टरकाकांची. 'तो शादलू हाय. आपला हाय का शादलू?' त्यांचा फंडा क्लिअर : 'चढाईवाला येताना वाघ असतोय. जाताना त्याला घर दिसायलेलं असतंय, तवा धरायचा. आपल्या गिरीश इर्नाकला बघा. घाई करतोय का?'

'काका, आता तिसरी चढाई डू ऑर डाय असते. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्यात त्यानं मारलंच पाहिजे. तवा तो थांबतच नाय. तुम्ही जाताना धरू म्हनताव, तवर तो दोघांना मारून गेलेला असतोय.'

'आन् मॅटचं काय?' तिसराच कोणीतरी. इथे सगळे जरा शांत झाले, कारण हा मुद्दा वजनदार होता. पोरं रोजची प्रॅक्टिस करतात मातीवर. मॅच होते मॅटवर. मातीत टाच रुतते, घोटा धरून मागे बसता येतं. मॅटवर बूट घातलेला चढाईपटू दुप्पट वेगाने वळतो आणि आपला कोपरा धरायला जातो तो अर्धा फूट उशिरा. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली अशा चार जिल्ह्यांतली कॉलेजं येतात. त्यातल्या ज्यांच्याकडे सरावाला मॅट आहे ते कॉलेज आणि ज्यांच्याकडे नाही ते, हा फरक पहिल्या पाच मिनिटांत दिसतो म्हणे.

'मॅट नव्हती तरी आधीचा उजवा कोपरा खेळायचाच की,' काका म्हणाले. 'तो कुठंय आता?' मी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

'पुन्याला. कंपनीत.'

'आणि त्याच्या आधीचा?'

'तो बी पुन्याला.' काकांनी माझ्याकडे बघून हात वर केला. 'तुमच्याकडंच हायेत ताई आमचे सगळे कोपरे!'

सगळे हसले. मीही हसले. पण लागलं जरा.

गच्चीवरचं गुपित

संध्याकाळी ग्राउंडवर गेले. चुन्याने आखलेलं तेरा बाय दहा मीटरचं मैदान, एका खांबावर एक दिवा आणि फिजिकलच्या सरांची शिट्टी. भाऊ खेळत होता, पण मला काहीतरी खटकलं. पकड करून उठताना तो दर वेळी डावा हात जमिनीला टेकवत होता. म्हाताऱ्या माणसासारखा.

रात्री गच्चीवर विचारलं. आधी 'काही नाही ताई'. मग पाच मिनिटांनी, 'गुडघा धरत नाय.'

ऑगस्टपासून! वळताना आतून सरकतो म्हणाला. कोणाला सांगितलं नव्हतं. सरांना नाही, मामाला नाही.

'का पण?'

त्याने सांगितलं ते मला पुण्यात बसून सुचलं नसतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी ठराविक स्पर्धेतलं पदक लागतं आणि पडताळणी झालेलं प्रमाणपत्र. विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली तरच पुढची दारं उघडणार. आणि ते नाही जमलं तर पोलीस भरती. तिथे पन्नास मार्कांची शारीरिक चाचणी, त्यातले वीस सोळाशे मीटर धावण्याचे. 'गुडघा खराब हाय हे एकदा गावात झालं की झालं, ताई. कबड्डी बी गेली आन् भरती बी. आईला सांगू नको. शपथ हाय तुला.'

मी शपथ घेतली.

आणि मोडली

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच बाकडं, तीच सुशीला. या वेळी काका जास्तच सुटले होते. उजवा कोपरा आळशी झालाय. मोबाइल बघतोय रात्रभर. पकड करताना अंग चोरतोय. मामा गप्प. अगदी मोबाइलवाला पोरगासुद्धा, जो काल भावाच्या बाजूने होता, तोही म्हणाला, 'हाव, ते बराबर हाय. अंग चोरायलाय.'

माझ्या डोक्यात तिडीक गेली. 'अंग चोरत नाहीये तो! गुडघा गेलाय त्याचा! ऑगस्टपासून तसाच खेळतोय!'

टपरीवर इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. नुसता स्टोव्हचा आवाज. मामाने ग्लास खाली ठेवला आणि काही न बोलता घराकडे चालायला लागला.

इंटरव्ह्यू घेताना 'हे छापू नका' म्हटलेलं मी आजवर कधीच छापलेलं नाही. तो माझा नियम आहे. आणि घरच्या माणसाचं एक वाक्य मला बारा तास पोटात ठेवता आलं नाही. कोपऱ्याने घाई केली की आख्खी बाजू उघडी पडते, हे मी काल शिकले होते ना? आज स्वतः करून दाखवलं.

भाऊ माझ्याशी बोलला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मामी जेवायला वाढताना म्हणाली, 'बरं झालं सांगितलं,' पण ते मला बरं वाटावं म्हणून.

पण पुढे काय झालं ते ऐका. दुपारी कंडक्टरकाका घरी आले. दारातच उभे राहिले. 'उद्या नांदेडला हाडाच्या डॉक्टरकडं नेतो त्याला. मला तिकीट तसं बी अर्धंच लागतंय.' ज्या माणसाने दोन दिवस त्या पोराला टीमबाहेर काढा म्हणून रान उठवलं होतं, तोच माणूस सकाळच्या पहिल्या गाडीला त्याच्या शेजारी बसून गेला. लिगामेंटला मार होता, पूर्ण तुटलेलं नव्हतं. सध्या ऑपरेशन नको, पण तीन महिने मैदान बंद आणि रोजचे व्यायाम. डॉक्टर म्हणाले, असाच खेळला असता तर कायमचं गेलं असतं. भरतीचं काय, हे मात्र कोणीच छातीठोकपणे सांगू शकलं नाही. तीन महिन्यांनी कळेल.

सरांनी उजव्या कोपऱ्यावर फर्स्ट इयरचं एक पोरगं उभं केलं. आणि टपरीवर? तुम्ही ओळखलंच असेल. 'जुना उजवा कोपरा कामून काढला? असा कोपरा तालुक्यात नाय!' हे म्हणणारे कोण, तर कंडक्टरकाका!

परतीची एसटी

निघायच्या दिवशी भाऊ स्टँडवर सोडायला आला. मित्र गाडी चालवत होता, हा मागे बसून, माझी बॅग मांडीवर. एसटी लागेपर्यंत शब्द नाही. मी 'सॉरी' म्हटलं. तो बॅग वर ठेवत म्हणाला, 'सांगायचं तर मलाच होतं. जमंना झालतं.' आणि खाली उतरून गेला.

पुण्यात पोचल्यावर चार दिवसांनी मेसेज आला : 'हरलो. पाच गुणांनी. पण नवीन पोरानं तीन पकडी केल्या. चौथी घाईत केली आन् गेला. सांगितलंय त्याला, जाताना धर म्हणून.'

म्हणजे भाऊ काकांच्या पार्टीत गेला! मोबाइलवाल्याला कळलं की पुढच्या सकाळी पुन्हा राडा. मी तिथे नसणार, याचं या वेळी खरंच वाईट वाटलं. तुमच्या ऑफिसात, पलीकडच्या क्यूबिकलमध्ये नायगावचा एखादा जुना कोपरा बसलेला असेल, तर त्याला चहाला घेऊन जा आणि एवढंच विचारा, 'येताना धरायचा की जाताना?' लंच टाइम पुरणार नाही, गॅरंटी!

नायगावला जाताय?

कसं जाल : मुंबईहून तपोवन किंवा देवगिरी एक्स्प्रेसने नांदेड. पुण्याहून रात्रीच्या खासगी बसही आहेत. नांदेडहून देगलूरकडे जाणारी एसटी पकडा.

काय खाल : सकाळी सुशीला, संध्याकाळी मिरची भजी. चहा गोड असतो, तक्रार करू नका.

आजूबाजूला : नांदेडचा सचखंड गुरुद्वारा, देगलूर तालुक्यातल्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं आणि कंधारचा भुईकोट किल्ला. एका वीकेंडला तिन्ही होतात.

टीप : टपरीवर कबड्डीचा विषय निघाला तर आधी ऐका. बोलायची घाई नको.