पावसातला रविवार आणि दादांचे पुस्तक

रविवार हा आमच्या घरी आमचा नसतोच. सहा दिवस कचेरीतल्या फायली आणि सातव्या दिवशी वस्तीतल्या बैठका, कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कुणाचे रेशनकार्ड. परवाच्या रविवारी मात्र पहाटेपासूनच धो धो पाऊस. त्यात मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. ठाण्याहून येणाऱ्या वक्त्यांचा 'येऊ शकत नाही' असा निरोप आला आणि बैठक रद्द झाली. कल्याण पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही चहा घेत निवांत बसलो, तर घरची माणसे आमच्याकडे पाहुण्याकडे पाहावे तशी पाहू लागली!

"आज घरी आहात तर..." म्हणत सौ.ने कामांची यादी हाती दिली. दळण, छत्रीची तुटलेली काडी, आईच्या गोळ्या. तेवढ्यात थोरलीने माळ्यावरच्या लोखंडी पेटीतून एक पुस्तक काढून आणले. कव्हर गेलेले, पाने फुगून पिवळी पडलेली. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा'. आमच्या वडिलांची, म्हणजे दादांची प्रत.

ही कादंबरी १९५९ साली निघाली. जेमतेम दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाने ती लिहिली आणि बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. दादा रेल्वेत खलाशी होते, शिक्षण चौथी. पगाराच्या दिवशी घेतलेल्या या प्रतीवर त्यांनी तारीख आणि किंमत लिहून ठेवली होती. २६ जुलै २००५ रोजी वालधुनीचे पाणी घरात शिरले तेव्हा दादा ओरडले, "आधी पेटी वर घे!" आम्ही आधी धान्याचा डबा उचलला. पेटी भिजली. पुढे आठ दिवस दादा एकेक पुस्तक उन्हात वाळवत बसले. आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत. आज दादा नाहीत.

"पप्पा, तुम्ही वाचलंय हे?" मुलीने विचारले.

वस्तीतल्या पोरांना "वाचा, वाचा" म्हणून सांगणारे आम्ही. पण बी.कॉम.च्या पुस्तकांपलीकडे दादांच्या पेटीत कधी डोकावलो नव्हतो. "नाही गं," एवढेच म्हणालो.

दळण गिरणीत टाकून बापलेक एका छत्रीत निघालो. पुलावरून पश्चिमेला गेलो. गोळ्या घेतल्या, छत्रीला काडी बसवली आणि एका बोळातल्या म्हाताऱ्या बाइंडरमामांकडे पोचलो. त्यांनी पाने चाळली.

"उन्हात वाळवलं ना? म्हणून कडक झालीत. ओलं पुस्तक सावलीत, पंख्याखाली उभं ठेवावं, पानांत कोरे कागद घालावेत. असो, जुजबंदी शिलाई करू. खळीत मोरचूद घालतो, कसर लागणार नाही. पण शिलाई सुटलीय, पानं मागंपुढं झालीत. घरी नेऊन नंबरानं लावा, मग आणा."

दुपारी वीज गेली. खिडकीशी सतरंजी टाकून आम्ही पाने लावायला बसलो. लावता लावता मुलगी वाचू लागली आणि आम्ही ऐकू लागलो. राणोजी जोगणी आणायला निघतो, तिथे एक पान गायब! मुलगी थांबली.

कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली आई म्हणाली, "थांबलीस का? पुढचं मी सांगते."

आणि तिने सांगितले. आईला अक्षरओळख नाही. पण पावसाळ्यात, काम लवकर सुटले की दादा तिला हे पुस्तक वाचून दाखवत. आम्ही शेजारच्याच खोलीत अभ्यास करत असू. आम्हाला हे कधी कळलेच नाही. आई सांगत गेली, मुलीने कोऱ्या कागदावर उतरवून घेतले.

पुढच्या रविवारी पुस्तक मामांकडे दिले. गायब पानाच्या जागी तो कागदही शिवायला सांगितला. मामांनी कारण विचारले नाही.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. पावसाळा आहे, ओल धरते. ती खाली काढा. आणि घरात म्हातारे माणूस असेल तर उघडताना त्याला जवळ बसवा. काही पाने पेटीत नसतात, त्यांच्यापाशी असतात.