तबकडी

‘तबकडी’ हा मराठीतला मोठा सोशिक शब्द आहे. पूजेच्या तबकाशी नाते सांगणारा हा शब्द. ग्रामोफोन आला तेव्हा सूर साठवणारी काळी चकती त्याने आपल्या पोटात घेतली. आकाशात अज्ञात याने दिसल्याच्या वार्ता येऊ लागल्या तेव्हा तीही ‘उडती तबकडी’ झाली. शब्दांचे असे अर्थविस्तार उलगडून दाखवण्यात माझे अध्यापनाचे आयुष्य गेले. परंतु या एका शब्दाचे सारे अर्थ जमिनीच्या एकाच तुकड्यावर एकत्र भेटतील, अशी कल्पना मला नव्हती.

ती जमीन कॅलिफोर्नियात, पॅसडीना शहराच्या कडेला आहे. हाहामोंग्ना हे त्या उद्यानाचे नाव. पूर्वी त्याला ओक ग्रोव्ह म्हणत. २०२३ च्या ऑक्टोबरात मुलाकडे गेलो असता अकरा वर्षांच्या नातीने मला तेथे नेले. जुने, पसरट ओक वृक्ष, त्यांच्यामधून उघडणारे मोकळे माळ, उत्तरेला सॅन गॅब्रिएलची करडी डोंगररांग, आणि जवळून जाणारे अरोयो सेको. या स्पॅनिश नावाचा अर्थच मुळी ‘कोरडा ओढा’. आपल्या देशावरच्या माणसाला तो परका वाटत नाही.

डिस्क गोल्फचे पहिले कायमस्वरूपी मैदान येथे १९७५ साली एड हेड्रिक यांनी आखले. हेड्रिक व्हॅम-ओ कंपनीतले. फ्रेड मॉरिसन यांची प्लॅस्टिकची ‘प्लूटो प्लॅटर’ याच कंपनीने १९५७ साली बाजारात आणली आणि तिला ‘फ्रिस्बी’ हे नाव दिले. उडत्या तबकड्यांच्या त्या काळातल्या वेडाची खूण मूळ नावात होतीच. नव्या नावामागे मात्र कनेटिकटमधल्या फ्रिस्बी बेकरीची, विद्यार्थ्यांनी भिरकावलेली पायची पत्र्याची ताटली आहे, असे सांगतात. म्हणजे तिथेही प्रवास तबकापासून तबकडीपर्यंतचाच.

खेळाचे नियम साधे आहेत. अठरा टप्पे. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक खांब, त्याभोवती लोंबणाऱ्या साखळ्या आणि खाली लोखंडी टोपली. तबकडी साखळ्यांवर आदळून टोपलीत विसावेपर्यंतच्या फेकी मोजायच्या. कमी फेकी करील तो सरस. जिथे तबकडी पडेल तिथूनच पुढची फेक. झुडपात पडली तर झुडपातून, उतारावर थांबली तर उतारावरून. पहिल्या जागी परत जाऊन नव्याने आरंभ करण्याची मुभा सहसा नाही. वार्धक्याच्या उंबरठ्यावरच्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

कठीण असते ते सोडणे. उजव्या हाताने, छातीसमोरून फेकलेली तबकडी फिरकीच्या बळावर सरळ जाते आणि फिरकी मंदावली की डावीकडे कलत उतरते. बोटे क्षणभर जास्त रेंगाळली तर ती उजवीकडे भरकटते. “आजोबा, धरून नाही ठेवायची,” नात म्हणाली. “हात पुढे गेला की तीच जाते.”

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत माझे थोरले बंधू गेले. नाशिकला रामकुंडावर त्यांच्या अस्थी मी ओंजळीत घेतल्या, तेव्हा गुरुजींना दोनदा “सोडा” म्हणावे लागले होते. नातीला हे ठाऊक नव्हते. मी काही बोललो नाही. तबकडी मात्र त्या खेपेस ओकाच्या फांदीखालून लांबवर, शांतपणे गेली.

पुढच्या टप्प्याकडे चालताना मुलाने सांगितले, की २००२ साली हेड्रिक वारले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तबकड्या घडवण्यात आल्या. ऐकताना प्रथम अंगावर काटा आला. मग वाटले, यात विटंबना कुठे आहे? आपण प्रवाहाच्या स्वाधीन करतो, त्यांनी वाऱ्याच्या केले. दोन्हींत विश्वास एकच, की आपल्या हाताबाहेरही गती आहे.

उद्यानाला लागूनच जेट प्रपल्शन लॅबोरेटरी आहे. व्हॉयेजर याने तेथूनच चालवली जातात. १९७७ साली निघालेल्या या दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक ध्वनिमुद्रिका आहे, आणि तिच्यात गोव्यातल्या केरी गावच्या सुरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे. आपले गाणे कोणाच्याही हाती सहज पडू नये, याविषयी केसरबाई किती दक्ष होत्या, हे संगीतरसिकांना सांगायला नको. व्हॉयेजर-१ सप्टेंबर १९७७ च्या ५ तारखेला निघाले. १६ तारखेला केसरबाई गेल्या. त्या दिवशी मी डोंगराकडे पाहत उभा होतो, तेव्हा ते यान पृथ्वीपासून २४०० कोटी किलोमीटरहून दूर होते. इतके जपलेले गाणे त्या तबकडीवरून सर्वांत दूर गेले, तेही त्याला साद देणारा कोणी श्रोता असेल की नाही याची शाश्वती नसताना.

समीक्षकाचा धर्म धरून ठेवण्याचा. कृती हातात घ्यावी, उलटसुलट पाहावी, तिचा तोल जोखावा. या धर्माचा मला आजही अभिमान आहे. परंतु जोखणे जिथे संपते तिथे कृतीचे स्वतःचे उड्डाण सुरू होते, आणि माणसाचेही. अखेरच्या टोपलीपाशी नातीने गुणपत्रिका पुढे केली. तिच्या फेकी माझ्याहून कितीतरी कमी होत्या. तिची बेरीज मी दोनदा तपासली. ती बरोबर होती.