विहीर बघून बी

म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते. मुरबाडकडची माणसं तिथून घोंगडी घेऊन येतात, आणि घोंगडीची घडी धड मोडायच्या आत थंडी काढता पाय घेते. हिवाळाच असा घाईत, म्हणून परसातली कामंही घाईची. भात झोडून झालेलं असतं, पेंढा रचलेला असतो, शेतात उरलेल्या ओलीवर वाल आपला आपण वाढत असतो. मोकळे झालेले हात घरामागच्या चार वाफ्यांकडे वळतात.

बी कधी टाकावं हे बागकामाची पुस्तकं हवा पाहून सांगतात. शहापूर-मुरबाडात ते विहिरीला विचारावं लागतं. काठावरून ओणवं होऊन बघायचं, पाणी कुठवर उतरलंय, मागच्या माघात कुठे होतं. चैत्रात डोक्यावरून किती हंडे आणता येतील याचा अंदाज बांधायचा आणि तेवढीच आळी करायची. पाऊस इथे कमी म्हणून हे गणित नाही. आषाढात तो छपरं गळेपर्यंत पडतो. पण उतार आणि कातळ त्याला थांबू देत नाहीत, आणि जो थांबतो त्यातला बराचसा मुंबईचा. तानसा 1892 पासून त्या शहराला पाणी पाजतोय, पुढे वैतरणा आली, भातसा आली. त्याच शहापूर तालुक्यातले कितीतरी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. यावर चिडून उपयोग नसतो, तरी विहिरीत डोकावताना दर वर्षी चिडायला होतंच.

थंडीचंही थोडं ऐकावं लागतं. मातीची ऊब 20 अंशांच्या खाली असेल तर भेंडी नीट उगवत नाही, नुसती कुजते. म्हणून पहाटेचा गारठा ओसरला की मगच बी रात्रभर भिजवून टोकायचं. इथली भेंडी आता विमानात बसून आखाताला आणि युरोपला जाते, पण ती शेतावरची, ठिबकवर वाढलेली, एका लांबीची. परसातली वाकडी असेना, तव्यावर पडल्यावर कुणी मोजपट्टी लावत नाही.

काकडीचं बी मात्र दुकानातून आणायचं नसतं. शेणात कालवून ते मागच्या भिंतीवर थापलेलं असतं. त्याला ना कीड लागते ना उंदीर. हवं तेवढं खरवडून काढायचं. कारल्याचं कवच टणक, त्याला भिजायला जास्त वेळ द्यावा लागतो. वांगी-मिरचीचं बी एवढंसं, वाफ्यात टाकलं की मुंग्या रांगेने घेऊन जातात. त्यावर इथल्या बायकांचा तोडगा म्हणजे वाफ्याच्या कडेने तांदळाची कणी पसरायची. मुंग्या कणीत गुंतल्या की तेवढ्या दिवसांत बी उगवून वर येतं. शत्रूला जेवू घालून बाग राखायची ही रीत मला कीटकनाशकाच्या बाटलीपेक्षा जास्त हुशारीची वाटते. कोंबड्यांना मात्र असली मुत्सद्देगिरी कळत नाही, त्यांच्यासाठी करवंदीच्या काट्यांची वईच हवी.

दुधी, भोपळा दोन पानांवर आले की लाल भुंगेरे हजर होतात आणि ती कोवळी पानं चाळणीसारखी करून टाकतात. चुलीतली राख चाळून सकाळीच पानांवर टाकायची, दव असतानाच. दवावर राख चिकटून राहते. ऊन चढल्यावर टाकली तर वाऱ्याबरोबर उडून जाते. माघ सरता सरता दव कमी होतं, तोवर पानं राठ व्हायला हवीत. उशिरा पेरलेल्या वेलींचं नुकसान होतं ते इथे.

याच दिवसांत डोंगराकडे बघावं तर ऐनाच्या झाडांचे हात छाटलेले दिसतात. कवळ तोडून, शेण-पाला-मातीचे थर देऊन भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा असतो. भाजलेल्या मातीत तणाचं बी मरतं, रोपाला राख मिळते. जंगलावर त्याचा ताण पडतो हे खरं; पण ज्याच्याकडे तणनाशकाला पैसे नाहीत त्याला ते सांगायला जाताना शब्द जपून वापरावेत.

फळांत मला पपईचं कौतुक. बियांवरची बुळबुळीत पिशवी राखेत चोळून काढली तरच त्या लवकर रुजतात. गावठी पपईत नर-मादी वेगळी, आणि फूल येईपर्यंत ती काही सांगत नाही. म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावायची आणि पावसाळ्यात फुलं दिसली की नर उपटायचे. एखादा ठेवायचा, परागासाठी.

एप्रिलात विहिरीचा तळ दिसू लागला की कुणाचं पाणी तोडायचं ते ठरतं. आधी पडवळ सुटतं, मग भोपळा. त्यातलं एक चांगलं फळ बियांसाठी वेलीवरच राखलेलं असतं. भेंडी तोवर देऊन थकलेली असते, तिचं फार वाईट वाटत नाही. मिरचीला संध्याकाळी एक तांब्या, पपईला एक कळशी. या यादीवरून घरात भांडणं होतात, सासू मिरचीच्या बाजूची आणि सून पपईच्या. मोरीकाठची केळ तेवढी कुठल्याच यादीत नसते. घरात भांडी घासली जातात तोवर तिला मरण नाही.