वेशीबाहेरचा क्रूस

पुणे जिल्ह्यातलं शिरूर सोडून निमोण्याच्या अंगाला निघालं की आभाळ मोठं होत जातं. घोड नदीचं पाणी पोचलं तिथे ऊस आणि कांदा, नाही तिथे ज्वारी, बाजरी आणि पावसाची वाट. अशा उघड्या मुलखात उभं केलेलं काहीही लांबून दिसतं. देवळाचा कळस दिसतो, दर्ग्याचा झेंडा दिसतो, पाण्याची टाकी दिसते. चर्चच्या आवारात मोकळ्यावर उभारलेला मोठा क्रूसही तसाच दिसतो. या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घराला तो दिसतो तेव्हा नेमकं काय दिसतं, याबद्दल मला लिहायचं आहे.

महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती माणसं सुमारे १० लाख ८० हजार. शंभरात एकही पुरती नाही. त्यातली बरीच मुंबई, वसई आणि पुण्यात. खेड्यातलं ख्रिस्ती घर म्हणजे गावात चार-दोन उंबरे. आडनावं गावातलीच, बोली गावातलीच, चुलीवर भाकरीही तीच. नाव ऐकून ओळख पटत नाही आणि कागदावर बऱ्याचदा धर्माचा रकाना जपून भरला जातो. त्याला कारण आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती आधी हिंदूंपुरत्या ठेवल्या; पुढे १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. गावाने जात विसरू दिली नाही आणि सरकारने ती मानली नाही, अशा कात्रीत या घरांच्या पिढ्या गेल्या. म्हणून रस्त्यावरून दिसणारा क्रूस ही त्यांच्यासाठी साधी गोष्ट नसते. घरात दबक्या आवाजात सांगायची गोष्ट तिथे उघड्यावर उभी असते.

इथे ख्रिस्ती धर्म आला तो अमेरिकन मराठी मिशनच्या वाटेने. या मिशनचं काम १८१३मध्ये मुंबईत सुरू झालं, १८३१मध्ये अहमदनगरला ठाणं झालं, आणि शतकाच्या उत्तरार्धात शिरूरला रिचर्ड विन्सर यांनी उद्योगशाळा चालवली. खेड्यातली प्रार्थनाघरं अगदी साधी. आठवडाभर त्याच खोलीत पाटीवर अक्षरं गिरवायची आणि रविवारी तिथेच उपासना. मूर्ती नाही, सजावट नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा क्रूस रिकामा असतो, त्यावर ख्रिस्ताचं शरीर नसतं; कॅथलिकांकडे असतं. आमच्या बाजूला रिकामाच जास्त. पुनरुत्थान झालं, तो आता तिथे नाही, हे सांगणारा.

पण मला या क्रूसाचं मोल वेगळ्या ठिकाणी जाणवतं. रोमन राज्यात क्रूसावर खिळण्याची शिक्षा गुलामांची आणि बंडखोरांची होती; रोमन नागरिकाच्या वाट्याला ती सहसा येत नसे. आणि ती द्यायची नगराबाहेर. येशूने वेशीबाहेर दुःख सोसलं, असं इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात सांगितलं आहे. आता हे वाक्य वेशीबाहेरच्या वस्तीत बसून ऐकणाऱ्या माणसाच्या कानाने ऐका. अहमदनगर आणि शिरूरकडचे पहिले ख्रिस्ती बहुतेक महारवाड्यातले आणि मांगवाड्यातले. देव आपल्या बाजूला, वेशीच्या या अंगाला येऊन मेला, हे त्यांना कळायला कुणी धर्मशास्त्र उलगडून सांगायची गरज नव्हती. १८७६ ते १८७८च्या दुष्काळानंतर माणसं धान्यासाठी ख्रिस्ती झाली, असं हिणवलं जातं. धान्य महत्त्वाचं होतंच. उपाशी माणसाला धान्य देणं हे लाजेचं काम नव्हे. पण धान्य संपलं तरी माणसं राहिली, ती वेशीबाहेर मेलेल्या या देवासाठी राहिली, असं मला मनापासून वाटतं. मंडळ्यांतही जातीच्या पंगती पुढे टिकल्या, हे तितकंच खरं आहे, आणि त्याचा हिशेब आम्हाला द्यावा लागेल.

म्हणून क्रूस उघड्यावर असावा. मूळ क्रूसही छताखाली नव्हता.

वर्षभर घर त्याच्याभोवती फिरतं. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं. बाहेर ऊन असं की चप्पल काढवत नाही, तरी म्हाताऱ्या बाया क्रूसाजवळ काढतातच. ईस्टरला अंधारात उठून पहाटेची उपासना. कापणीच्या सणाला घरातलं धान्य, अंडी, कोंबडी मंडळीत आणायची आणि मग लिलाव. लग्न झालं की फोटो तिथे. पोरगा चाकण-रांजणगावला कामाला लागला की आई त्याला आधी तिथे उभं करते.

आणि हा क्रूस एकट्या ख्रिस्त्यांचा राहत नाही. शिरूरच्या कर्नल वॉलेस या ब्रिटिश अधिकाऱ्याचं १८०९मध्ये निधन झालं. आसपासच्या गावकऱ्यांनी त्याच्या थडग्याला सत्पुरुष मानून सुगीचं पहिलं धान्य वाहिलं, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेत सगळ्या धर्मांची माणसं लोटतात. जाता जाता हात जोडणं हा या मातीचा स्वभाव आहे. चर्चच्या दारातून आत यायला परका माणूस संकोचतो. बाहेरच्या क्रूसापाशी कुणी त्याला काही विचारत नाही.

उघड्यावरचे क्रूस मुंबईतही आहेत; तिथल्या गावठाणांतले कितीतरी १८९६च्या प्लेगनंतरचे. साथीच्या भीतीत माणसं आपापल्या आळीत क्रूसाभोवती जमून प्रार्थना करत. त्यातले काही आजही मेणबत्त्यांनी उजळतात. २०१७मध्ये वांद्र्याच्या बाजार रोडवरचा जुना क्रूस महापालिकेने पाडला, तेव्हा तिथल्या लोकांना घरातलं माणूस गेल्यासारखं दुःख झालं. ते मला नीट समजतं.

आमच्याकडे मात्र धोका दुसरा आहे. पैसा आला की चर्चला उंच भिंत होते, लोखंडी फाटक होतं, कुलूप लागतं, आणि क्रूस आत ओढला जातो किंवा शिखरावर विजेच्या माळांत चढवला जातो. तोडफोडीची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. काळ तसा आहे. तरीही नवं चर्च बांधणाऱ्या प्रत्येक पंच कमिटीला आणि पाळकसाहेबांना माझी विनंती आहे : क्रूस रस्त्याच्या बाजूला, जमिनीवर, हात पोचेल असा ठेवा. खाली बसायला कट्टा करा. आणि त्या बाजूला फाटक लावू नका.