तागडीवरचे दही

चौतीस वर्षे मी सरकारच्या वजनमापे खात्यात काढली. रत्नागिरी, सातारा आणि अखेरीस ठाणे. या नोकरीने मला निवृत्तिवेतन दिले आणि एक खोड दिली. कोठेही तागडी दिसली की माझी नजर मालाकडे न जाता काट्याकडे जाते. दिवाळीच्या तोंडावर मिठाईवाला पुठ्ठ्याच्या खोक्यासकट पेढे तोलू लागला, की मी अजूनही रांगेतून पुढे होऊन त्याला कायदा सांगतो. आमची ही अशा वेळी दुकानाबाहेर जाऊन उभी राहते.

२०२३ च्या मार्चात चिरंजिवांच्या आग्रहावरून आम्ही उभयता कॅलिफोर्नियात गेलो. तेथे डिस्नेलँड पाहिले, समुद्र पाहिला. पण मन रमले ते दह्याच्या दुकानांत. वाचक हसतील. हसोत बापडे!

अभयचे घर फुलर्टनला, लॉस एंजेलिसपासून आग्नेयेला. दर शुक्रवारी संध्याकाळी त्या घरचा एक कुळाचार होता. नात चिनू हिला घेऊन गोठवलेले दही खायला जायचे. तिकडे त्याला फ्रोझन योगर्ट म्हणतात. दुकानात शिरल्यावर कोणी 'काय देऊ' म्हणून विचारीत नाही. दाराशी कागदी पेल्यांची चळत. समोरच्या भिंतीत यंत्रे बसवलेली, प्रत्येकाला तीन दांड्या. डावीकडची ओढली की एक चव, उजवीकडची ओढली की दुसरी, आणि मधली ओढली की दोन्हींचा पीळ घालून एक शेंडी खाली येते. पुढच्या टेबलावर फळांच्या फोडी, सुकामेवा, चॉकलेटचे तुकडे, भाताच्या पिठाचे मऊ जपानी गोळे, आणि दाताखाली फुटून रस सोडणारे मोती. हवे तेवढे वाढून घ्यावे आणि पेला काट्यावर ठेवावा. आकडा पडेल तेवढे पैसे. पंगतीत वाढपी नाही, यजमान नाही, 'आणखी घ्या'चा आग्रह नाही. आग्रह जो काय असेल तो आपलाच आपल्याला.

पहिल्या दिवशी मी काटा पाहिला आणि गहिवरून आलो म्हटले तरी चालेल. पेला ठेवण्यापूर्वीच काट्यावर उणे आकडा दिसत होता! म्हणजे रिकाम्या पेल्याचे वजन आधीच वजा केलेले. काट्याच्या अंगावर कौंटीच्या निरीक्षकाने डकवलेली, साल छापलेली चिठ्ठी. त्या निरीक्षकाला तिकडे 'सीलर' म्हणतात. म्हणजे आमच्याच जातीचा माणूस. मी तिथल्या पोरीला नमस्कार केला. तिला तो कशासाठी ते कळले नसावे.

भाव असतो औंसावर. औंस म्हणजे सव्वाअठ्ठावीस ग्रॅमहून किंचित अधिक, आपल्या जुन्या हिशेबाने अडीच तोळ्यांना जरा कमी. आम्ही गेलो त्या दुकानांत औंसाला पाऊण डॉलरच्या आसपास पडे. स्ट्रॉबेरी असो, काजू असो, नाहीतर नुसत्या लाह्या असोत, भाव सगळ्यांना एकच. तेव्हा शहाण्याने काय घ्यावे हे वजनमापेवाल्याला सांगायला नको. कलिंगडाची फोड घेणारा पाण्याचे पैसे भरतो. पण खरी गंमत पुढेच आहे. हे दही यंत्रात गोठते तेव्हा आतली पाती ते सारखे खरवडत, घुसळत असतात, आणि त्यात हवा मिसळत असते. तो मऊपणा हवेचाच. आईस्क्रीम आपल्याकडे मिलिलिटरवर विकतात. त्यात हवा किती हे गिऱ्हाइकाला कळत नाही आणि तिचे पैसे मात्र मुकाट्याने जातात. येथे वजनावर विक्री असल्याने हवा फुकट! हा व्यवहार मला फार सचोटीचा वाटला. हे सगळे मी अभयला समजावून सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "बाबा, वितळतंय ते. खा आधी."

मग मी दुकाने तोलायचीच असे ठरवले. योगर्टलँडचा जन्म या फुलर्टनचाच, २००६ सालचा. तेथे चवी पुष्कळ, आणि चमचे रंगीत. चिनूने त्यांचा एक डबा भरून साठा केला होता. मेंचीज ही पेढी २००७ ची, लॉस एंजेलिसच्या व्हॅली व्हिलेज भागातली. तेथे सगळा थाट मुलांच्या वाढदिवसाचा. पिंकबेरीने २००५ मध्ये वेस्ट हॉलिवूडला दुकान काढून या आंबट दह्याचे वेड लावले असे म्हणतात. कोरियातली रेड मँगो त्याआधीची, २००२ ची, पण ती अमेरिकेत आली २००७ साली. पिंकबेरीत मात्र वाढणारा दुसरा. चव उत्तम, पण दांडी आपल्या हाती नाही. चिनूच्या मते ते 'खरे दुकान' नव्हेच, आणि मीही तिच्याशी सहमत झालो.

त्याही आधी १९८१ साली आर्कान्सॉत एक दुकान निघाले होते. त्याचे नाव इंग्रजीत 'हे दही असूच शकत नाही' अशा अर्थाचे. 'हे दही आहे यावर विश्वासच बसत नाही' अशा नावाची दुसरी एक पेढी होती. ती कोर्टात गेली! तेव्हा पहिल्याने टीसीबीवाय ही आद्याक्षरे तशीच ठेवली आणि 'देशातले सर्वोत्तम दही' असा नवा अर्थ लावून दिला. दह्यावरून भांडणे आमच्या वाड्यातही होत, पण ती सायीवरून.

दह्याच्या बाबतीत निकाल देण्याचा अधिकार आमच्या हिचा. मूळ आंबट चव तिने चाखली आणि म्हणाली, "अहो, हा तर चक्काच. साखर फेटायची राहून गेलीय." पुढच्या शुक्रवारी ती पर्समध्ये वेलची-जायफळाची डबी घेऊन आली. त्या आंबट शेंडीवर दोन चिमटी पडल्या, आणि मंडळी, पाडव्याचे ताट समोर आले! चिनूनेही "मला पण" म्हणून पेला पुढे केला. तिचे मराठी तोवर एवढेच होते. पुढे 'चिमूट' आणि 'थोडी अजून' यांची भर पडली.

सगळेच काही सचोटीचे होते असे नाही. एका दुकानाचे नाव सांगत नाही. तेथे काट्याचे तोंड पोरीकडे, पाठ आमच्याकडे, आणि उणे आकडा नाही. मी रिकामा पेला मागून तो काट्यावर ठेवायला लावला. अर्धा औंस भरला. पोर भली होती, तिने मुकाट्याने तेवढे वजा केले. मागे पाचसहा माणसे खोळंबली होती. मोटारीत अभय म्हणाला, "बाबा, पस्तीस-चाळीस सेंटांसाठी?" मी म्हटले, "सेंटांसाठी नव्हे रे." त्यावर तो काही बोलला नाही.

आकडे लक्षात राहणे हाही त्या खोडीचाच भाग. कोणाचा पेला किती भरतो हे मला पाठ झाले होते. चिनू सहाच्या आसपास, सूनबाई पाच, ही साडेचार, अभय नऊच्या पुढे. लहानपणापासून त्याचा हात सढळ. मेच्या दुसऱ्या शुक्रवारी अभयचा पेला काट्यावर गेला आणि आकडा आला ३.८. मी त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "दुपारी जेवण जड झालं." पुढच्या शुक्रवारी ३.१. त्यावर फळ नाही, मेवा नाही. सूनबाईंनी पेलाच घेतला नाही. दात दुखतो म्हणाल्या. चिनूचा मात्र ६.४, नेहमीसारखा.

काटा चुकीचा नव्हता. चिठ्ठी चालू सालची होती.

त्या रात्री मी अभयला अंगणात गाठले आणि सरळ विचारले. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "नोकरी गेली, बाबा. आज सतरावा दिवस." कंपनीने एका सकाळी शेदोनशे माणसांना पत्रे धाडली, त्यात हा. तो ज्या व्हिसावर होता, त्यावर नोकरी सुटली की पुढे फार तर साठ दिवस. तेवढ्यात नव्या मालकाने अर्ज दाखल केला तर ठीक, नाहीतर बहुधा देश सोडायचा. हा साठ दिवसांचा नियम २०१७ पासूनचा. त्याआधी तेवढाही अवधी नव्हता. त्याला तिकडे बारा वर्षे झालेली. घराचे हप्ते डोक्यावर. चिनू तिथे जन्मलेली, म्हणून ती तिकडची नागरिक. आईबाप मात्र रांगेत. तो रोज सकाळी लॅपटॉप घेऊन बाहेर पडत होता, तो सार्वजनिक वाचनालयात जाऊन अर्ज करीत होता, आणि आम्ही समजत होतो की मुलगा कचेरीत जातो.

"आईला सांगू नका," तो म्हणाला. पण हिला ठाऊक होते. बायकांना काट्याची गरज पडत नाही.

शुक्रवार मोडायचा नाही असे हिने ठरवले. एक पेला घ्यायचा, पाच चमचे मागायचे. मी डॉलर काढले की अभय माझा हात धरी. दोन वेळा त्याने धरला, तिसऱ्या वेळी सोडला. तो क्षण मला फार जड गेला, त्यालाही गेला असावा. पेला भरण्याचे काम चिनूकडे. मी तिला हलका माल कोणता, जड कोणता हे शिकवले: लाह्या भरपूर, कलिंगड नको. वरून वेलची आपल्या घरची, तिला औंस लागत नाही. पाच जणांचा तो पेला कधी ७.४, कधी ७.९. मला आठवते, एकदा बरोबर ७ भरला, तेव्हा चिनूने टाळ्या वाजवल्या. तिला वाटे हा आजोबांचा खेळ आहे.

मी मनात दिवस मोजत होतो. तिसावा, चाळिसावा. अभयच्या चार मुलाखती झाल्या, दोन ठिकाणांहून नकार आला. घरात कोणी कोणाशी मोठ्याने बोलत नसे. पुण्याच्या शाळांची चौकशी सूनबाईंनी गुपचूप सुरू केली होती.

बावन्नाव्या दिवशी सान डिएगोच्या एका कंपनीने होकार दिला आणि एकोणसाठाव्या दिवशी तिच्या वकिलाने अर्ज दाखल केला. पगार पूर्वीपेक्षा कमी, घर बदलावे लागणार, चिनूची शाळाही. तो वार शुक्रवारच होता.

दुकानात आम्ही पाच पेले उचलले. अभयने मधली दांडी ओढली ती सोडीचना. वर स्ट्रॉबेरी, बदाम, ते फुटणारे मोती, आणि कलिंगड. मी कलिंगडाकडे पाहिले, पण बोललो नाही. हिने डबी उपडी केली, तळाशी राहिली होती तेवढी सगळी वेलची त्याच्या पेल्यात झटकली. पेला काट्यावर गेला. १०.२. मी मनातल्या मनात हिशेब केला. पंचवीस तोळ्यांना जरासा कमी.