रुक्मिणीचा सूर

संगीत नाटकातील अभिनेत्रीची प्रशंसा करताना आपण बहुधा तिच्या गळ्याचीच प्रशंसा करतो. तान किती दाणेदार होती, 'वन्समोअर' किती मिळाले, याचा हिशेब मांडतो आणि तिने उभी केलेली स्त्री मात्र विसरून जातो. कीर्ती शिलेदार यांच्या बाबतीत तसे होऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. त्यानंतर प्रतिष्ठित नाटकमंडळ्यांतून दीर्घकाळ नायिका साकारली ती पुरुषांनीच. 'मानापमान' (१९११) मधील भामिनी, 'स्वयंवर' (१९१६) मधील रुक्मिणी आणि 'एकच प्याला' (१९१९) मधील सिंधू या तिघी बालगंधर्वांनी घडविल्या. त्या इतक्या लोभस घडविल्या की, पुढे एखाद्या स्त्रीने त्या भूमिका केल्या तरी तिची तुलना एका पुरुषाशीच व्हावी! हा काही लहानसहान भार नव्हे.

तो भार कीर्तीताईंना घरातूनच मिळाला. जयराम व जयमाला शिलेदार या दांपत्याने १९४९ साली 'मराठी रंगभूमी' ही नाट्यसंस्था स्थापन केली. त्यांची ही कन्या १९५२ साली जन्मली आणि बालपणीच रंगमंचावर उभी राहिली. गंधर्व गायकीचा वारसा तिला मातेकडून लाभला.

त्यांची रुक्मिणी मी पाहिली तेव्हा प्रथम जाणवला तो त्यांचा गद्य संवाद. बोलता बोलता शब्द किंचित लांबे, त्याला सूर चिकटे आणि पद केव्हा सुरू झाले हे ऑर्गनच्या साथीवरून कळे. आपल्या चर्चमध्ये भक्तिगीताला आधार देणारे हे वाद्य नाटकातही असेच पाठीशी उभे असते! भाऊ रुक्मी बहिणीला शिशुपालाच्या पदरी बांधावयास निघालेला, तिचे मन मात्र श्रीकृष्णाकडे लागलेले. अशा वेळी तिचे गाणे हे गाणे राहत नाही, घरात जे बोलता येत नाही ते बोलण्याची ती एकमेव वाट होते. कीर्तीताईंनी ती वाट जाणली होती. तान घेतानाही त्यांची दृष्टी समोरच्या पात्रावरून ढळत नसे. टाळ्यांचा कडकडाट होई, पण रुक्मिणी रंगमंचावरच राही, गायिका पुढे येऊन नमस्कार करीत नसे.

त्या प्रयोगाला माझी थोरली बहीण सोबत होती. तिचा गळा गोड. तथापि आमच्या गावी सणाच्या नाटकात स्त्रीपार्ट मुलगेच करीत आणि तिच्या वाट्याला पडद्यामागून पदे म्हणण्याचे काम येई. लुगडे नेसलेला एखादा मुलगा ओठ हलवी आणि शाबासकी घेई. नाटक सुटल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हिचा आवाज हिच्याच तोंडून आला, नाही रे?" मोठमोठ्या परीक्षणांत मला याहून नेमके वाक्य आढळले नाही.

जुन्या भूमिकांवरच त्या थांबल्या नाहीत. विद्याधर गोखले यांच्या 'स्वरसम्राज्ञी'त तमाशातील एक मुलगी शास्त्रीय गायिका होते. लावणीचा ठसका आणि ख्यालाची शिस्त ही दोन टोके एकाच कंठात आणि एकाच देहबोलीत सांभाळणे म्हणजे कसोटीच. ती त्या लीलया पार पाडीत.

बदलत्या काळात संगीत नाटकाचा प्रेक्षक ओसरत गेला. कलावंत, साथीदार, पडदे या साऱ्यांचा संसार घेऊन दौरे काढणे दुष्कर झाले. तरीही शिलेदारांचे व्रत सुटले नाही. २०१८ साली मुलुंड येथील ९८ व्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद कीर्तीताईंना लाभले, तो या निष्ठेचाही सन्मान होता. २२ जानेवारी २०२२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या ध्वनिमुद्रिका आपल्यापाशी आहेत. त्यांतून गळा ऐकू येईल, परंतु गाताना समोरच्या पात्रावर खिळलेली ती दृष्टी ध्वनिमुद्रिकेत सापडणार नाही. म्हणून ज्यांनी तो प्रयोग पाहिला, त्यांनी तो मुलाबाळांना सांगावा. नटीचे ऋण फेडावयाचा प्रेक्षकापाशी दुसरा मार्ग तरी कोणता आहे?